वायर काढली तरी काचणं थांबेना: ब्राच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी ब्राची मापं घेऊन बायकांना योग्य आकार आणि प्रकार निवडून देण्याचं काम करते. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना इथे फक्त ‘ताई’ म्हणते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

ताईंचं वय 43. काम टेबलापाशी बसून, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. आठवड्यातला एखादा दिवस मात्र नव्या लोकांना शिकवण्यात जातो आणि तेव्हा दिवसभर उभं राहावं लागतं. दोन बाळंतपणं झालेली. लग्नाआधी कुणीतरी एकदा माप घेऊन ‘38 बी’ सांगितलं होतं. यातला आकडा बँडचा, म्हणजे छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याचा, आणि अक्षर कपाचं. त्यानंतर वजन वाढलं, उतरलं, पुन्हा थोडं वाढलं, पण 38 बी काही बदललं नाही. बहुतेकींचं असंच असतं. चपलेचा नंबर आपण पायात घालून बघतो आणि ब्राचा नंबर पाठ असल्यासारखा म्हणून मोकळे होतो.

इतकी वर्षं त्या वायरवालीच, म्हणजे कपाखाली तारेची कमान असलेली ब्रा वापरत होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर आधी ती काढायची. मग छातीच्या बाजूला लाल वळ, खांद्यावर पट्ट्यांचे चर. हे सगळ्यांनाच होतं अशी त्यांची समजूत होती.

अडचण

माझ्याकडे येण्याच्या काही महिने आधी डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, एका जागी दुखायला लागलं. वायरचं टोक बरोबर तिथेच रुतायचं. त्याच सुमाराला नणंदेने एक संदेश पाठवला की वायरमुळे रक्तप्रवाह अडतो आणि त्यातून कर्करोग होतो. मुलीचंही म्हणणं होतं, ‘आई, हल्ली वायर कोण घालतं?’ ताईंनी कपाटातल्या सगळ्या वायरवाल्या ब्रा बाजूला काढल्या. एकीची तर शिवण उसवून वायर ओढून काढली आणि ती तशीच घालून पाहिली. मग डोक्यातून घालायच्या मऊ, ताणल्या जाणाऱ्या, बिनहुकाच्या ब्रा एकदमच आणल्या. त्यांच्यावर कपाचं माप नव्हतं, फक्त ‘एल’ लिहिलेलं होतं.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. नंतर मान आणि खांदे भरून यायला लागले. शिकवण्याच्या दिवशी संध्याकाळी छाती जड वाटायची. त्याहून त्रासदायक म्हणजे स्तनांच्या खालच्या घडीत घाम साचून कातडी लाल झाली, चुरचुरायला लागली, एका जागी सोलवटली. वायर सोडल्यावर तक्रारी संपायला हव्या होत्या, इथे नव्या सुरू झाल्या. त्यामुळे त्या आल्या तो प्रश्न घेऊनच: ‘पुन्हा वायरकडे जाऊ की नको?’

आधी डॉक्टर

पहिला निर्णय ब्राचा नव्हताच. एका बाजूला, एकाच जागी दुखत असेल तर ते वायरमुळेच आहे असं माप घेणाऱ्या बाईने ठरवू नये. सोलवटलेल्या कातडीवर पट्टा चढवून माप घेण्यातही अर्थ नसतो. म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत गाठ वगैरे काही निघालं नाही. दुखणं बाहेरच्या दाबाचंच होतं. घडीतली लाली म्हणजे कातडीवर कातडी घासून, ओल राहून होणारा त्रास आणि त्यावर थोडा बुरशीचा संसर्ग. लावायला मलम मिळालं. आंघोळीनंतर घडी नीट टिपून कोरडी करायची, ओलसर कपडा अंगावर राहू द्यायचा नाही, एवढंच पथ्य.

संदेशातली भीतीही निस्तरावी लागली, कारण ती डोक्यात असती तर वायरवाली ब्रा अंगाला नीट बसली असती तरी मनाला बसली नसती. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राचा या विषयावरचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी थांबलेल्या, 55 ते 74 वयाच्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही गटांची तुलना त्यात होती. दिवसातून किती तास ब्रा घालता, वायर असते का, कपाचं माप काय, कोणत्या वयात घालायला लागलात, यातल्या कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. वायर टोचू शकते, वळ उठवू शकते, नको त्या जागी दाब देऊ शकते. एवढंच तिचं पाप.

उलट्या बाजूची एक भीतीही ताईंनी बोलून दाखवली: वायर नसेल तर स्तन ओघळतात का? स्तनात स्नायू नसतात. आतले तंतूंचे बंध आणि वरची त्वचा यांच्यावरच तो भार असतो. वय, गरोदरपण, वजनातले चढउतार, धूम्रपान यांनी ते सैल पडतात. ब्रा उचलून धरते ती अंगावर असेपर्यंतच. म्हणजे सौंदर्याची भीती आणि आजाराची भीती दोन्ही बाजूला ठेवून प्रश्न उरला निव्वळ आरामाचा आणि आधाराचा.

माप घेतल्यावर काय दिसलं

कातडी बरी झाल्यावर त्या आल्या तेव्हा त्यांची जुनी 38 बी मुद्दाम घालायला सांगितली. ती बघितली आणि अर्ध्याहून अधिक गोष्टी उलगडल्या. मागचा बँड पाठीवर कमान करून वर, खवाट्यांपर्यंत चढला होता. बँड मागून वर गेला की पुढून कप खाली लोंबतात, मग बाई खांद्याचे पट्टे आवळते. खांद्यावरचे चर तिथून आले. खरं तर भार पेलायचं मुख्य काम बँडचं; पट्टे फक्त कप जागेवर धरायला. इथे बँड सुट्टीवर आणि सगळी मजुरी खांद्यांच्या वाट्याला.

पुढे दोन कपांच्या मधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. ताईंच्या ब्रात त्या जागी माझं बोट आरपार गेलं. वायरची कमान स्तनाखालच्या घडीत बसायच्या ऐवजी दोन बोटं वर, स्तनाच्या मऊ भागावर टेकली होती आणि तिचं बाहेरचं टोक काखेकडच्या भागात घुसलं होतं. दुखायची जागा तीच. डावा स्तन उजव्यापेक्षा थोडा मोठा असल्यामुळे त्रास त्या बाजूला जास्त. दोन्ही बाजू अगदी सारख्या नसणं हे नेहमीचंच आहे. माप मोठ्या बाजूचं धरायचं असतं.

मग टेप. श्वास सोडून, छातीखाली घट्ट, टेप पाठीवर आडवी सरळ ठेवून: 34 इंच. सर्वांत भरीव भागावरून उभं राहून 39, कमरेतून पुढे वाकून 41, म्हणजे मधला आकडा 40. फरक सहा इंचांचा. दर इंचाला एक कप धरला तर ए, बी, सी, डी, डीडी, ई. म्हणजे 34 ई.

ताईंना हसूच आलं. ‘ई म्हणजे खूप मोठं ना?’ बहुतेकींना असंच वाटतं, पण नुसत्या अक्षराला अर्थ नाही. 34 ई चा कप, 36 डीडी चा आणि 38 डी चा कप आकारमानाने एकच. बँड वाढला की अक्षर मागे येतं. त्या हिशोबाने 38 बी म्हणजे ताईंना बँड चार इंच सैल आणि कप दोन मापं लहान. त्या कपाची वायरही तेवढीच अरुंद, कारण वायरची रुंदी कपाच्या मापाबरोबर वाढते. अरुंद वायर स्तनाच्या बाहेरून जाणार कशी? ती स्तनावरच बसणार.

38 बी आलं कुठून, तेही कळलं. जुन्या रिवाजात छातीखालच्या मापात चार इंच मिळवून बँड काढतात. 34 अधिक चार, 38. चाळिसातून 38 गेले, उरले दोन, म्हणजे बी. हिशोब चोख आणि ब्रा चुकीची. ही पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते, आणि तिच्यामुळे वायर जेवढी बदनाम झाली आहे तेवढी स्वतःच्या गुणांनी झालेली नाही, असं माझं मत आहे.

पुढ्यात असलेले पर्याय

जुनी वायरवाली ब्रा परत काढणं हा पर्याय इथेच बाद झाला. वायर काढून टाकलेली ब्राही बाद. असा कप वायरच्या चौकटीवर बेतून कापलेला असतो; चौकट गेली की खालची पट्टी गुंडाळते आणि तीच काचते. पुष्कळ जणी हा उद्योग करतात आणि ‘बिनवायरची ब्रा काही कामाची नाही’ असा निष्कर्ष काढतात.

मऊ, डोक्यातून घालायच्या ब्रा चालू ठेवणं शक्य होतं, निदान घरी आणि झोपताना. पण त्या दोन्ही स्तन एकत्र दाबून धरतात, वेगळे करत नाहीत, उचलत तर त्याहून नाहीत. कमी भाराच्या छातीला ते पुरतं. ताईंच्या बाबतीत स्तनाचा खालचा भाग पोटाच्या वरच्या कातडीला टेकूनच राहायचा आणि घाम तिथे साचायचा.

उरले दोन खरे पर्याय: योग्य मापाची वायरवाली, किंवा योग्य मापाची, बांधीव, बिनवायरची. या दुसरीबद्दल गैरसमज फार. बिनवायरची म्हणजे मऊ आणि सैल असं नाही. चांगल्या बांधीव ब्रात कप तीन-चार तुकडे जोडून शिवलेला असतो, आतून बाजूला एक पट्टी असते जी काखेकडचा भाग पुढे आणते, मागचा कपडा कमी ताणला जाणारा असतो, बँड रुंद आणि हुक तीन-चार. वायर जे काम एका कमानीत करते ते इथे शिवण आणि बँड वाटून घेतात. म्हणून तिचा बँड वायरवालीपेक्षा सैल घेऊन चालत नाही. आराम हवा म्हणून बिनवायरची घ्यायची आणि आणखी आराम म्हणून एक माप सैल घ्यायची, असं केलं की आधार साफ जातो.

काही परिस्थितींत वायरचा विचारच पुढे ढकलावा. स्तनावर शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत, आणि अंगावर पाजत असताना, कारण तेव्हा आकार दिवसभरात बदलतो आणि दाब बसला तर दूध तुंबण्याची भीती. ताईंना यातलं काही लागू नव्हतं.

काय केलं

सुरुवात बिनवायरच्या बांधीव ब्रापासून केली. कारण साधं होतं: घडीतली कातडी नुकतीच भरून आली होती आणि वायर बरोबर तिथेच टेकते. 34 ई घातल्याबरोबर ताई म्हणाल्या, ‘श्वास घेता येत नाही, 36 द्या.’

या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक निर्णय हाच. इतकी वर्षं 38 घातलेल्या अंगाला 34 घट्ट वाटणारच, पण ‘सवय होईल’ म्हणून गळ्यात मारणंही बरं नाही. शोधायचं होतं घट्ट नेमकं काय आहे, बँड की कप. त्यासाठी तीच ब्रा उलटी घालायला लावली: हुक पुढे, रिकामे कप पाठीकडे. आता अंगावर फक्त बँड. ‘अशी ठीक वाटते की!’ म्हणजे बँड बरोबर होता. लहान कप भरून बाहेर ढकलला जात होता आणि तो ताण बँडमध्ये जाणवत होता. त्या बनावटीत त्यांना 34 एफ बसली. टेपने काढलेला आकडा शोधाची सुरुवात असतो. शिवाय डी च्या पुढची अक्षरं सगळ्या कंपन्या एकसारखी लावत नाहीत. एकीची डीडी ती दुसरीची ई, म्हणून अक्षरापेक्षा तक्ता बघावा.

घालायची पद्धतही बदलली. पुढे वाकायचं, हाताने काखेकडचा भाग अलगद कपात आणायचा, मग सरळ व्हायचं. तोवर बाहेर राहिलेला केवढा तरी भाग कपात येतो आणि लहान कप लगेच उघडा पडतो. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर बसायला हवी. वापराने इलॅस्टिक ढिलं झालं की आतल्या हुकावर जायला जागा राहते. ताई जुनी ब्रा नवी असतानाच सर्वांत आतल्या, घट्ट हुकावर लावत होत्या, हे त्यांना तेव्हाच आठवलं.

बिनवायरचीचा अनुभव आला तसा वायरवालीचा प्रयोग केला. पहिली 34 ई उभ्याने सुरेख बसली. मधला भाग हाडाला टेकला, कमान घडीत, टोक काखेच्या मध्याच्या रोखाने. आरशात बघून ताई खूश. मग त्यांना खुर्चीत बसवलं, पुढे टेबल, हात टंकलेखनाला ठेवतात तसे. काही मिनिटांत त्यांची चुळबुळ सुरू झाली आणि हात आपोआप डाव्या बरगडीपाशी गेला. त्यांच्या खालच्या बरगड्या थोड्या बाहेर झुकलेल्या आहेत. उभ्याने वायर त्यांच्यावर सपाट पडते, पण बसून पुढे वाकलं की पोट वर येतं, बरगडी पुढे होते आणि कमानीचा तळ दोघांच्या मध्ये सापडतो. शिवाय काख आणि स्तनाची घडी यांच्यातलं अंतर त्यांचं कमी आहे, त्यामुळे वायरचं बाहेरचं टोक बसल्यावर काखेत वर जायचं.

वायरच्या टोकावर उपाय सापडला: बाजूने कमी उंचीची वायर असलेली, कप थोडे उघडे असणारी बनावट. काखेतलं टोचणं थांबलं. बरगडीचं मात्र पूर्ण थांबलं नाही. दोन तासांनंतर ते जाणवायचंच. इथे मी वायरचा हट्ट सोडायला सांगितलं. माप बरोबर असूनही काही अंगांना बसून काम करताना वायर सोसत नाही. त्यासाठी ना अंगाला दोष द्यायचा ना वायरला.

निकाल

ताईंनी एकच प्रकार न निवडता दिवस पाहून निवड केली. टेबलाच्या दिवसांना बांधीव बिनवायरची, शिकवण्याच्या दिवसांना कमी उंचीची वायरवाली. मऊ ‘एल’ फक्त घरी. पाळीच्या आधी छाती जड आणि हुळहुळी होते तेव्हासाठी एक बिनवायरची 36 डीडी ठेवली.

काही महिन्यांनी बोलणं झालं तेव्हा खांद्यावरचे चर पुसट झाले होते, काखेखालचं दुखणं गेलं होतं. मान भरून येणं बरंच कमी झालं होतं. मात्र त्याच काळात त्यांनी खुर्चीची उंचीही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय ब्राला देता येत नाही.

घामाची गोष्ट अपेक्षेच्या उलट निघाली. उकाड्याच्या दिवसांत बांधीव बिनवायरच्या ब्रातही घडी ओलसर राहायची आणि एकदा लाली परत आली. वायरवालीच्या दिवशी मात्र तक्रार नसे. कारण कळायला सोपं आहे: वायर स्तनाला खालच्या कातडीपासून उचलून वेगळं ठेवते, मध्ये कापडाची पट्टी येते आणि कातडीवर कातडी घासत नाही. लाली आली की बायका आधी वायरला दोष देतात. ती लहान मापाची असेल तर दोष बरोबरही असतो, पण ताईंच्या घडीला योग्य मापाची वायरच जास्त मानवली. त्यामुळे फार उकाड्याच्या दिवशी त्या टेबलाच्या कामालाही वायरवाली घालतात आणि दुपारी बदलतात. बिनवायरच्या ब्राखाली, घडीच्या रेषेत, सुती कापडाची पातळ पट्टी ठेवूनही पाहिली. तिनेही भागतं, फक्त ती सारखी सरकते.

ब्रा टिकवण्याचं तंत्रही बदललं. रोज तीच घालायची नाही, इलॅस्टिकला एक-दोन दिवस विश्रांती द्यायची. हाताने धुवायची, पिळायची नाही. यंत्रात टाकायचीच तर हुक लावून, जाळीच्या पिशवीत. वायर वाकडी होऊन शिवणीतून बाहेर येते ती बहुतेक वेळा यंत्रातल्या पिळण्याने किंवा लहान कपामुळे फाकून.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंनी सगळ्या जुन्या ब्रा कपाटातून काढून सगळ्या नव्या एकदम आणल्या नसत्या, आधी एक घालून कामाचा पूर्ण दिवस काढला असता, तर मऊ ब्राच्या मर्यादा लवकर कळल्या असत्या. एका जागी दुखत असताना ब्रा बदलून वाट पाहण्यापेक्षा डॉक्टरांकडे आधी जायला हवं होतं. या वेळी निघालं काही नाही, पण ते तपासल्यावरच कळलं.

बसून पाहण्याचा प्रयोग बिनवायरची निवडतानाच, पहिल्या बैठकीत करता येण्यासारखा होता. त्यातून बरगडीची गोष्ट आधी कळते आणि वायरच्या कुठल्या बनावटी आणायच्याच नाहीत ते ठरतं. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या ब्रा उभ्यानेच घातल्या जातात आणि वापरल्या जातात बसून, हा घोळ एकट्या ताईंचा नाही.

34 च्या बँडबद्दल माझं मत अजून पूर्ण ठरलेलं नाही. एवढा फरक असताना मध्ये काही आठवडे 36 डीडी वापरून मग 34 वर यावं, असं काही सहकारी म्हणतात. अंगाला धक्का कमी बसतो हे खरं. पण 36 वर बँड पुन्हा थोडा वर चढतो, खांदे पुन्हा बोलायला लागतात आणि बाईचा नव्या मापावरचा विश्वास उडू शकतो. ताईंनी उलटी घालून स्वतः खात्री केली म्हणून थेट 34 जमलं. ज्यांना उलटी घातल्यावरही आवळतं त्यांना मी 36 च सुचवेन.

त्यांचं वजन सध्या उतरतं आहे आणि या वयात पाळीचं चक्रही बदलायला लागतं, तेव्हा मापं पुन्हा घ्यायची ठरली आहेत. तोवर नव्या ब्रा घ्यायच्या नाहीत, असं त्यांनीच सांगितलं.